बंबाचं नळकांडं तुंबलं की धूर दाराकडं येतो

दाराकडं धूर मागं येतोय, पाणी तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय, म्हणजे मधल्या नळकांड्यात काजळी बसली. कोरड्या तुराट्या (तुरीच्या काड्या) भराभर जळतात, काजळी कमी. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांनी मात्र डांबरासारखा चिकट थर धरतो. तो एकदम पेटला तर ठिणग्या शेजारच्या कडब्याच्या गंजीवर जातात.

तुराट्यांवर पंधरा दिवसांनी, पऱ्हाट्यांवर दर आठवड्याला साफ करा. बंब गार हवा. टोपण काढा, खालची राख ओढा, काठीला तारेनं घट्ट काथ्या बांधून वरून खाली पाच-सहा वेळा घासा. हातोडी नको, डाग दिलेले (झाळलेले) सांधे सुटतात. त्याच कारणानं पाणी भरल्याशिवाय जाळ घालायचा नाही. पेटवायला प्लास्टिक तर नकोच.

बोअरच्या जड पाण्याचा क्षार आतून बसतो. दहा लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व, तासभर ठेवून दोनदा खळखळून काढा.

दुसरे पर्याय? वीस लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला विजेचं साधारण ०.६ युनिट किंवा ६० ग्रॅम गॅस लागतो. गॅस गिझर बंद न्हाणीत बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सोलरच्या नळ्यांतही क्षार साचतोच. पऱ्हाट्या फुकट असल्या तरी उन्हाळ्यापर्यंत रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडते.