साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले आकडे: या चुका टाळा

जैवसांख्यिकी किंवा साथरोगशास्त्र शिकलेला माणूस तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याची बेरीज-वजाबाकी सहसा चुकत नाही. चुकतो तो प्रश्न. न्यायालयाला जाणून घ्यायचं असतं, या एका माणसाचं काय झालं. आपल्या हातातला अभ्यास सांगतो, अशा हजार माणसांचं काय होतं. मधली फट घाईने बुजवली की पुढचं सगळं बिघडतं.

शक्यता उलटी वाचणं

सर्वांत महाग पडलेलं उदाहरण इंग्लंडमधलं. १९९९ साली सॅली क्लार्क यांच्यावर स्वतःच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाचा खटला चालला. साक्षीला आलेल्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की क्लार्क यांच्यासारख्या घरात बाळ अचानक, कारण न सापडता दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन बाळं दगावण्याची सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. हा ८,५४३ चा सरळ वर्ग. सख्ख्या भावंडांची आनुवंशिकता सारखी, घर एकच, तरी दोन मृत्यूंचा एकमेकांशी काहीच संबंध नाही असं धरलेलं.

पण तो आकडा अचूक असता तरी ती ‘आई निर्दोष असण्याची शक्यता’ नव्हती. दोन बाळं अशी जाणं दुर्मीळ, तसंच आईने दोन्ही बाळांना मारणंही दुर्मीळच. तोलायला हव्या होत्या या दोन दुर्मीळ गोष्टी. ऑक्टोबर २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या गणिताबद्दल जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये क्लार्क सुटल्या, त्यामागे बचाव पक्षापर्यंत न पोहोचलेले सूक्ष्मजीव चाचण्यांचे निष्कर्ष हे मोठं कारण होतं. आणि हेही लक्षात घ्या, आकडा सांगणारे गृहस्थ संख्याशास्त्रज्ञ नव्हते. आपल्या विषयाबाहेरचा प्रश्न आला की ‘हे माझं क्षेत्र नाही’ म्हणायला लाज वाटू देऊ नये.

मी एक साधी खूण सांगतो. अहवालातल्या शक्यतेच्या वाक्याला ‘जर’ आहे का, पाहा. ‘आरोपी निर्दोष असेल, तर असा पुरावा दिसण्याची शक्यता इतकी, दोषी असेल, तर इतकी.’ यातला दुसरा आकडा देता येत नसेल, तर पहिला एकटा देऊ नका.

पी-व्हॅल्यूंचा गुणाकार

नेदरलँड्समध्ये लुसिया दे बर्क या परिचारिकेला २००३ मध्ये जन्मठेप झाली. तिच्याच पाळ्यांमध्ये इतके मृत्यू आणि अत्यवस्थ होण्याचे प्रसंग योगायोगाने यावेत, याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असं न्यायालयात मांडलं गेलं होतं. त्यासाठी वेगवेगळ्या वॉर्डांच्या पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने इतके किंवा याहून जास्त प्रसंग दिसण्याची शक्यता) एकमेकींनी गुणल्या होत्या. हे का चालत नाही? अगदी सर्वसामान्य परिचारिका घ्या, जिची प्रत्येक वॉर्डातली पी-व्हॅल्यू ०.५ आहे. तिने वीस वॉर्डांत काम केलं, तर गुणाकार येतो सुमारे दहा लाखांत एक. नोकऱ्या बदलल्या एवढाच तिचा गुन्हा!

त्याहून खोल दोष माहिती गोळा करण्यातच होता. संशय आल्यावर जुने प्रसंग पुन्हा तपासले गेले, आणि कुठला प्रसंग ‘संशयास्पद’ हे ठरवताना ती हजर होती का, हे आधीच माहीत होतं. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी हे सगळं उकलून दाखवलं. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. असा तक्ता हातात आला की पहिला प्रश्न विचारा: प्रसंगांची वर्गवारी कोणी केली, आणि करताना त्याला पाळ्यांचं वेळापत्रक दिसत होतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर वर्गवारी वेळापत्रक न पाहिलेल्या माणसाकडून नव्याने करून घ्या. त्याआधी कॅल्क्युलेटर उघडूच नका.

‘दोन’ या आकड्याची जादू

नुकसानभरपाईच्या दाव्यात वकील हटकून विचारतात, सापेक्ष जोखीम (संपर्क आलेल्यांची जोखीम संपर्क नसलेल्यांच्या किती पट) दोनच्या वर आहे का? कारण दिवाणी खटल्यात ‘असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त’ एवढं पुरतं, आणि जोखीम दुप्पट झाली की निम्मे रुग्ण संपर्कामुळे वाढलेले ठरतात. समजा, रसायनाशी संपर्क नसलेल्या हजार कामगारांत १० जणांना आजार होतो आणि संपर्क आलेल्या हजारांत १४ जणांना. चार जण वाढले, म्हणजे चौदांतले २९ टक्के. म्हणून दावा फेटाळायचा?

इथे थांबा. उरलेल्या दहांपैकी काहींना आजार एरवीही झालाच असता, पण रसायनाने तो पाच वर्षं आधी आणला असेल, तर हा २९ टक्क्यांचा हिशेब त्यांना पकडत नाही. म्हणजे तो आकडा किमान मर्यादेसारखा आहे, तोही अभ्यासात पूर्वग्रह (माहिती एका बाजूला झुकणं) आणि कन्फाउंडिंग (दुसऱ्याच कारणाची सरमिसळ) नाही असं धरलं तर. दावेदार अभ्यासातल्या लोकांसारखा आहे का, त्याचा संपर्क किती काळ आणि किती तीव्र होता, हेही अहवालात यायला हवं.

छोट्या, पण नडणाऱ्या

सापेक्ष जोखमीचं विश्वासांतर (खरा आकडा ज्या पल्ल्यात असू शकतो तो; १ म्हणजे फरक नाही) ०.८ ते ३.१ आलं म्हणून ‘धोका नाही’ लिहू नका. तिपटीपर्यंतची जोखीमही त्यात बसते. २०११ मध्ये मॅट्रिक्स या औषध कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांख्यिकीय सार्थकता (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा, अशी आकड्यांची खूण) हीच एकमेव कसोटी मानायला नकार दिला. एखादा संबंध कार्यकारणाचा आहे का, हे पारखण्याचे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफोर्ड हिल यांचे १९६५ चे नऊ मुद्दे परीक्षेच्या गुणांसारखे मोजू नका. त्यांनी स्वतः त्यांना ‘दृष्टिकोन’ म्हटलं होतं. वकिलाने निवडून दिलेल्या पाच शोधनिबंधांवर विसंबू नका. शोध स्वतः घ्या, आणि तो कसा घेतला ते लिहून ठेवा. इंग्लंडच्या दिवाणी नियमांत तर स्पष्टच आहे की तज्ज्ञाचं कर्तव्य आधी न्यायालयाप्रती, फी देणाऱ्याप्रती नंतर.

राहता राहिली उलटतपासणी. समोरचा वकील ‘हो की नाही’वर आणतो आणि तज्ज्ञ गडबडतो. उत्तर आदल्या रात्रीच बांधून ठेवावं. ‘म्हणजे माझ्या अशिलाला आजार कशामुळे झाला, हे तुम्हाला माहीत नाही?’ ‘त्यांच्यासारख्या चौदांचं सांगू शकतो. त्यांतले निदान चार या रसायनामुळे आजारी पडले. ते त्या चारांतले आहेत का, हे हा अभ्यास सांगत नाही.’