जायंट भोपळ्याचं रोप बाहेर लावलं आणि मलूल झालं? आधी शेंडा बघा

मिशिगन, ओहायोकडे मेच्या सुरुवातीला दोन दिवस ऊन पडलं की अटलांटिक जायंट या प्रचंड भोपळ्याच्या जातीची रोपं बाहेर लावायची घाई होतेच, आणि मग पानं पांढुरकी पडली, कडा वाळल्या की लोक लगेच खत ओततात. ते अजिबात करू नका. थंड मातीत मुळं फारसं काम करत नाहीत, खत तसंच पडून राहतं आणि मुळं जळायची भीती वेगळीच.

आधी मधला शेंडा बघायचा. तिथलं बारीक लव असलेलं कोवळं पान हिरवं आणि ताठ असेल तर रोप जगतं, खालची पानं गेली तरी चालेल. पांढरे कागदी डाग म्हणजे बहुतेक उन्हाचा चटका, घरातल्या लाइटखाली वाढलेल्या पानांना ते डायरेक्ट ऊन झेपत नाही. पानाला खालून जांभळट झाक आली तर बहुतेक माती गार आहे, थर्मामीटर सकाळी 10 सेंटीमीटर खोल खुपसून बघा, 15 डिग्री सेल्सिअसच्या खाली असेल तर काळं प्लास्टिक अंथरा, रात्री रोपावर झाकण घाला, पण ऊन वर आलं की ते उघडायचंच, नाहीतर आत रोप शिजतं. वाऱ्याच्या बाजूला फळी लावा, खोड पिळवटलं तर मग काही खरं नाही. पाणी सकाळीच, कोमट, आणि माती खरंच सुकली असेल तरच.

शेंडाच काळा पडला असेल तर सरळ दुसरं रोप लावा, म्हणून एक कुंडीत राखून ठेवलेलं बरं.