स्ट्रॉबेरी-संत्र्याचं फसफसतं पेय

साधारण आठ ग्लासांसाठी ५०० ग्रॅम पिकलेल्या स्ट्रॉबेरी, ८० ग्रॅम साखर, ५०० मिली संत्र्याचा ताजा रस, ६० मिली लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि ७५० मिली साधा सोडा घ्या.

स्ट्रॉबेरी चिरून साखर घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा. साखरेमुळे फळाला पाणी सुटतं, त्यामुळे वाटताना वेगळं पाणी घालावं लागत नाही. मग बारीक वाटून गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका, बिया दातात येतात. संत्री पिळताना जोर लावला तर सालीखालच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा रसात उतरतो, म्हणून हलक्या हाताने पिळा. दोन्ही रस आणि मीठ गरात मिसळून किमान दोन तास फ्रीजमध्ये ठेवा.

बहुतेकांचं चुकतं ते सोड्यापाशी. कोमट द्रवात वायू टिकत नाही, त्यामुळे सोडाही रसाइतकाच गार हवा. तो अगदी वाढताना, भांड्याच्या कडेने सावकाश ओता आणि एकदाच हलकेच ढवळा. जोरात घुसळलंत की बुडबुडे गेलेच!

साध्या बर्फाने पेय पांचट होतं. थोडा जास्तीचा संत्र्याचा रस आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, तेच खडे वापरा. पुदिन्याची पानं तळहातावर टिचकावून वरून घाला. चुरडली तर कडवट लागतात. गारव्यात गोडी कमी जाणवते, तेव्हा साखरेचा अंदाज मिश्रण गार झाल्यावरच घ्या.