मागून गाडी ठोकली आणि बंपर ठीक दिसतोय? तरी एकदा उघडून बघाच

मे महिन्यात पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रॅफिक अचानक थांबलं आणि मागच्याने माझ्या हॅचबॅकला ठोकलं. उतरून बघितलं तर बंपरवर दोन ओरखडे, बाकी काही नाही, त्याने 3000 रुपये दिले, मी घेतले आणि विषय संपला. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर डिकीत कुबट वास यायला लागला, स्टेपनी बाहेर काढली तर खाली खड्ड्यात दोन बोटं पाणी. बंपर काढल्यावर कळलं की आतला लोखंडी बीम वाकलाय, मागचा पत्रा आत गेलाय आणि जोडावरचं सीलंट फाटलंय. बिल 18,000.

बंपर प्लॅस्टिकचा असतो, दाबला जातो आणि परत फुगून जागेवर येतो, त्यामुळे बाहेरून बघून काहीच ठरवू नका. धक्का खातो तो आतला बीम आणि त्याच्या मागचे क्रॅश बॉक्स, ते मुद्दाम चुरगळायलाच बनवलेले असतात. एकदा चुरगळले की बदलायचे, ठोकून सरळ केलेला बीम पुढच्या वेळी तुम्हाला वाचवेल याचा काही भरवसा नाही.

जागेवरच काय बघायचं? आधी फोटो काढा, दोन्ही नंबर प्लेट आल्या पाहिजेत. मग गाडीखाली बघा, नुसतं पाणी ठिबकत असेल तर ते एसीचं, पण हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट, मग गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय का, चाक कुठे घासतंय का आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहिलाय का तेही बघा. पैसे घेऊन मिटवायचं असेल तरी निदान बंपर उघडेपर्यंत थांबा.

घरी आल्यावर दिवसाउजेडी गाडीभोवती फिरा. बोनेट, दरवाजे, डिकी यांच्या फटीत बोट फिरवा, एका बाजूला फट रुंद आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेली असेल तर आतलं काहीतरी सरकलंय. डिकी आधी हलक्या हाताने लागायची आणि आता आपटावी लागते, हीही तीच खूण. मॅट आणि स्टेपनी काढून टॉर्च मारा, पत्र्याला सुरकुती पडलीये का, जोडावर सीलंटला चीर गेलीये का बघा. आणि पावसाळ्याची वाट बघू नका, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा (मागची सीट पाडली की जागा होते), डिकी बंद करा आणि बाहेरून पाच मिनिटं पाइपने पाणी सोडा, पाणी कुठून येतंय ते लगेच दिसतं.

धक्का पुढून बसला असेल तर एसीचा कंडेन्सर आधी तपासा, तो रेडिएटरच्याही पुढे असतो. बारीक चीर गेली तर गॅस हळूहळू जातो आणि आठवड्याभराने एसी थंड करेनासा होतो, तेव्हा कोणाला अपघात आठवतही नाही. जाळीवर तेलकट डाग दिसला तर समजा गळतंय, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही बाहेर येतं.

चाकाला मार असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवणं) करा, पण आधीचा आणि नंतरचा दोन्ही प्रिंट मागून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत) अ‍ॅडजस्ट होतो, कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) होत नाही, त्यामुळे स्टिअरिंग सरळ झालं म्हणून खूश होऊ नका, डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये फरक मोठा असेल तर चाकाला आधार देणारा लोअर आर्म, स्ट्रट नाहीतर सबफ्रेम वाकलेली असू शकते. टायरच्या आतल्या बाजूला फुगा आलाय का तेही हात फिरवून बघा.

आता दुरुस्ती. मागचा पत्रा ओढून घेतला की जोड साफ करून वेल्ड, मग प्रायमर, मग सीम सीलर (जोड बुजवायचं सीलंट) आणि खालून अंडरबॉडी कोटिंग, हा क्रम सोडू नका. हार्डवेअरच्या दुकानातलं आंबट वासाचं सिलिकॉन भरून देतो म्हणाले तर सरळ नाही म्हणा, त्यातल्या अ‍ॅसिडने पत्रा गंजतो आणि त्यावर रंगही धरत नाही. चासीचा लाँग मेंबर (गाडीच्या लांबीत जाणारा मुख्य आधार) वाकला असेल तर काम जिगवर (गाडी घट्ट धरणाऱ्या चौकटीवर) मापं घेऊनच व्हायला हवं, गॅसने तापवून ठोकलेलं नको, कारण हाय स्ट्रेंग्थ स्टील तापवलं की त्याची ताकद जाते.

एअरबॅग आणि सीट बेल्टला घरी हात लावू नका. फक्त एक टेस्ट करा, इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. कामानंतर तो पेटतच नसेल तर फॉल्ट लपवायला कोणीतरी दिवाच बंद केलेला असू शकतो, गाडी ताब्यात घेऊ नका.

इन्शुरन्स क्लेम करणार असाल तर कंपनीचा सर्व्हेयर बघून जाईपर्यंत काहीही खोलू नका. खोलल्यावर आतलं डॅमेज निघालं तर काम तिथेच थांबवून सप्लिमेंटरी (वाढीव खर्चाचं) एस्टिमेट द्यायला लावा आणि सर्व्हेयरला परत दाखवा, आधी दुरुस्त करून मग पैसे मागितले तर भांडत बसावं लागतं. झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्टवर 50 टक्के कापले जातात, आणि क्लेम केला की नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो, तेव्हा किरकोळ रकमेसाठी आधी हिशोब करून बघा.

बदललेले जुने पार्ट डोळ्यांनी बघून घ्या, बंपर बसवायच्या आधी आतल्या कामाचे फोटो मागा, आणि साधारण 500 किलोमीटर चालवल्यावर टायरची झीज आणि फटी परत एकदा तपासा.