ठरावीक अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधताना या चुका टाळा

'वर्डल' या सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायच्या खेळात तीन अक्षरे सापडूनही पुढचा शब्द सुचत नाही, 'स्क्रॅबल' या पटावर अक्षरांच्या टाइल मांडून शब्द जुळवायच्या खेळात हाती आलेला क्यू शेवटपर्यंत तसाच पडून राहतो, किंवा शब्दशोधक संकेतस्थळावर अक्षरे भरली की शेकडो बिनकामाच्या शब्दांची यादी समोर येते. शब्दसंग्रह तोकडा असणे हे यामागचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा आपण शोधाला घातलेली अटच चुकलेली असते.

सर्वांत मोठा गोंधळ 'ही अक्षरे असलेला शब्द' या शब्दप्रयोगाचा आहे. ए, टी, ई आणि आर ही चार अक्षरे घेऊ. 'ग्रेट' आणि 'वॉटर' या दोन्ही शब्दांत ही चारही अक्षरे आहेत. मात्र ती याच क्रमाने, सलग हवी असतील तर 'वॉटर' आणि 'लेटर' म्हणजे नंतर हे शब्द चालतील, 'ग्रेट' चालणार नाही. आणि केवळ याच अक्षरांपासून शब्द बनवायचा असेल तर 'वॉटर'ही बाद होतो. 'रेट', 'टेअर' असे शब्द उरतात. 'वर्डल'ला पहिल्या प्रकारचा शोध लागतो, तर 'स्क्रॅबल'ला तिसऱ्या प्रकारचा, शिवाय पटावरचे एखादे अक्षर जमेस धरून. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या 'स्पेलिंग बी' या शब्दखेळाचा नियम आणखी निराळा आहे: दिलेल्या सात अक्षरांपैकी मधले अक्षर शब्दात असलेच पाहिजे, शब्द किमान चार अक्षरांचा हवा, आणि कोणतेही अक्षर कितीही वेळा वापरता येते. म्हणूनच 'स्क्रॅबल'साठी केलेल्या शोधकात ही सात अक्षरे भरली, तर अक्षरांची पुनरावृत्ती असलेले सगळे शब्द गळतात आणि खेळाडूला यादी पूर्ण झाल्यासारखी वाटते.

'वर्डल'मध्ये पुनरावृत्तीच वेगळ्या रीतीने फसवते. तिथे टाकलेल्या शब्दातले अक्षर योग्य जागी असेल तर हिरवे, उत्तरात असून जागा चुकली असेल तर पिवळे आणि उत्तरात नसेल तर करडे होते. समजा उत्तर 'अबाइड' आहे, म्हणजे ए-बी-आय-डी-ई, आणि आपण 'स्पीड' हा शब्द टाकला, ज्यात ई दोनदा येतो. पहिला ई पिवळा होईल आणि दुसरा करडा. करडा रंग दिसताच अनेक जण ई हे अक्षर शोधकातील 'नको' असलेल्या अक्षरांच्या रकान्यात टाकतात. तेच अक्षर 'हवे' या रकान्यातही असल्यामुळे शोधकाची यादी रिकामी येते आणि दोष शोधकाला दिला जातो. या रंगांचा खरा अर्थ असा की उत्तरात ई एकदाच आहे आणि तो तिसऱ्या किंवा चौथ्या जागी नाही. पिवळ्या अक्षरातून त्याची चुकीची जागाही कळते, ही गोष्ट शोधकात नोंदवायची राहून जाते आणि यादी विनाकारण लांबते. यादी रिकामी आली तर एकच अक्षर दोन्ही रकान्यांत गेले आहे का, हे आधी पाहावे.

दुसरा सापळा शेवटची चार अक्षरे हिरवी झाल्यावर लागतो. 'लाइट', 'माइट', 'नाइट', 'राइट', 'साइट', 'टाइट', 'फाइट' आणि 'एट' या आठही शब्दांचा शेवट आय-जी-एच-टी असाच आहे, आणि सहा प्रयत्नांच्या खेळात ते एकेक करून तपासणे परवडत नाही. अशा वेळी 'फिल्म्स' हा शब्द टाकावा. तो उत्तर नसणार हे ठाऊक असते, तरी एफ, एल, एम आणि एस या चार शक्यता एका फटक्यात निकाली निघतात. 'हार्ड मोड' चालू असेल तर ही वाट बंद होते, कारण तिथे हिरवी अक्षरे जागच्या जागी ठेवावीच लागतात.

चिन्हांच्या बाबतीत प्रत्येक साधनाचा रिवाज वेगळा असतो. काही ठिकाणी प्रश्नचिन्ह म्हणजे एक अज्ञात अक्षर, तर 'स्क्रॅबल'च्या बहुतेक शोधकांत ते कोऱ्या, म्हणजे कोणतेही अक्षर मानता येणाऱ्या टाइलसाठी असते. तारका म्हणजे सामान्यतः कितीही अक्षरे. परंतु 'रेग्युलर एक्स्प्रेशन' या संगणकावर मजकूर शोधण्याच्या चिन्हपद्धतीत तिचा अर्थ आधीचे अक्षर शून्य किंवा अधिक वेळा असा होतो, आणि एका अज्ञात अक्षरासाठी तिथे टिंब वापरतात. मदतीच्या पानावरची दोन ओळींची टीप वाचण्याचा आळस इथे महागात पडतो.

मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या बाबतीत एक चूक विशेष आढळते, ती म्हणजे उच्चारावरून शोधणे. आपल्या कानाला व एकच असला तरी इंग्रजीत तो व्ही किंवा डब्ल्यू असू शकतो. फ हा एफ, पीएच किंवा 'लाफ'मधला जीएच असतो. 'नाइफ'मधला के आणि 'साम'मधला पी तर ऐकूच येत नाहीत. पहिले अक्षर खात्रीचे नसेल तर ते शोधाच्या अटीत घालूच नये.

शब्द सापडला तरी तो मान्य होईलच असे नाही, कारण प्रत्येक खेळाचा कोश वेगळा असतो. 'स्क्रॅबल'साठी अमेरिका आणि कॅनडात एक अधिकृत यादी चालते, तर इंग्रजीतून खेळणाऱ्या इतर बहुतेक देशांत कॉलिन्स या कोश-प्रकाशकाची. झेड-ओ हा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये आहे, अमेरिकी यादीत नाही. झेड-ए आणि क्यू-आय मात्र दोन्हीकडे चालतात, आणि दहा गुणांचा क्यू यूविना अडकला असेल तेव्हा क्यू-आय फार उपयोगी पडतो. यूशिवायच्या क्यूचे 'फकीर', 'बुरखा', 'नकाब', 'तलाक' हे शब्द आपल्याला परके नाहीत. फक्त इंग्रजीत ते क्यूने लिहिता येतात हे ऐन वेळी आठवत नाही. संगणकातील सर्वसाधारण शब्दसूचीवर मात्र विसंबू नये, कारण तीत विशेषनामे आणि संक्षेपही घुसलेले असतात.

'वर्डल' अमेरिकी वर्णलेखन पाळते. शाळेत 'ह्यूमर' आणि 'फेव्हर' यूसह लिहायला शिकलेल्या वाचकाला ते सहा अक्षरी वाटतात आणि म्हणून सुचतच नाहीत. तिथे ते पाच अक्षरी आहेत. शिवाय तर्क म्हणून हजारो दुर्मीळ शब्द चालत असले तरी उत्तरे त्यांतल्या नेहमीच्या वापरातील शब्दांमधून निवडलेली असतात, आणि नुसता एस जोडून केलेली अनेकवचने त्यांत सहसा नसतात. त्यामुळे शोधकाच्या यादीत असे अनेकवचन आणि साधा परिचित शब्द दोन्ही उरले असतील, तर आधी परिचित शब्द टाकावा.