नाताळच्या भयपटात गाणारं भूत तरंगवायचंय, व्हीएफएक्सला पैसे नाहीत?

गाणं आधी रेकॉर्ड करा आणि त्याची दुप्पट वेगाची प्रत काढा. सुरुवातीला चार टकटक टाका, म्हणजे नटीला गाणं नेमकं उचलता येतं. सेटवर ही प्रत वाजवून सेकंदाला 50 फ्रेमवर शूट करा, शटर 1/100 सेकंद. एडिटिंगमध्ये तो शॉट 25 फ्रेमवर आणून, म्हणजे निम्म्या वेगाने चालवून, मूळ गाणं लावा. ओठ बरोबर जुळतात, पण केस, झगा आणि वरून सोडलेला खोटा बर्फ संथ तरंगतो. अंगावर काटा येतो! गाणं मात्र विलंबित लयीचंच घ्या. चटपटीत गाण्यात दुप्पट वेगाने ओठ हलवताना कुणाचीही दमछाक होते.

जपायचं एकच: झाडावरच्या स्वस्त एलईडी माळा या शॉटमध्ये फडफडताना दिसू शकतात. आधी टेस्ट शॉट घ्या.