इंदुरात गच्चीवर फ्री डिश स्वतः कशी लावावी

जुन्या काड्यांच्या अँटेना काही गच्च्यांवर अजून आहेत, पण त्या आता कावळ्यांच्या कामाच्या. दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२पर्यंत बहुतेक बंद झाले. दरमहा पैसे न भरता सह्याद्री बघायचं तर सरळ मार्ग डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेचा. तिचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर.

सामान थोडंच: साठ सेंटिमीटरची डिश, युनिव्हर्सल एलएनबी (डिशच्या दांड्यावर बसून सिग्नल पकडणारा भाग), आरजी-६ केबल आणि सेट-टॉप बॉक्स. बॉक्स एमपीईजी-४चाच घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळे चॅनेल दिसत नाहीत.

आधी जागा. मोबाइलच्या होकायंत्रात १४० अंश बघा, म्हणजे आग्नेयेपासून किंचित दक्षिणेकडे. उंची क्षितिजापासून ५७ अंश. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जिथे असतो, साधारण तिथेच उपग्रह. त्या वेळी डिशच्या जागेवर शेजारच्या टाकीची किंवा कडुलिंबाची सावली पडत असेल तर दुसरा कोपरा शोधा. (त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र गेलं तर डिशला हात लावू नका, सूर्य सरकला की परत येतं.)

मग पाइप. ओळंबा लावून तो अगदी उभा करा. इथे आळस केला तर पुढचे सगळे अंश खोटे ठरतात. डिशच्या मागच्या पट्टीवर ५७ची खूण धरा. ऑफसेट डिश (जिची एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असते) असल्यामुळे तिचं तोंड वाटतं त्यापेक्षा बरंच उभं दिसेल. ते बघून ती आणखी मागे झुकवायचा मोह होतो, तो टाळा.

केबल जोडताना बॉक्स बंद ठेवा. एलएनबीजवळ केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

खरं काम आता. बॉक्सच्या मेनूत एलएनबी ९७५०/१०६०० निवडा, ट्रान्सपाँडर ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. घरातल्या कुणाला तरी टीव्हीसमोर बसवा आणि फोन चालू ठेवा. त्यांना एकच सांगा: स्ट्रेंग्थ नको, क्वालिटी वाचा. स्ट्रेंग्थचा पट्टा केबल नीट जोडली की डिश कुठेही असली तरी भरतो. बरेच जण त्याच्याच मागे लागून तासभर घालवतात. क्वालिटी मात्र उपग्रह सापडल्याशिवाय हलत नाही. डिश डावी-उजवीकडे बोटभर सरकवा, थांबा, बॉक्सला आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. काहीच नाही? उंची एक अंश बदला, पुन्हा आडवी फिरवा. क्वालिटी आली की एलएनबी तिच्या पकडीत थोडी थोडी फिरवून आकडा आणखी वाढवा आणि बोल्ट आळीपाळीने आवळा, एकच बोल्ट एकदम आवळला तर डिश सरकते.

शेवटी ऑटो स्कॅन. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने ठरतात आणि बदलत राहतात, त्यामुळे एखादं चॅनेल गायब झालं तर गच्चीवर धावण्याआधी पुन्हा स्कॅन करा.